मोहन, साटा आणि खारीचे पदर

सुरतेच्या गोडादऱ्यात माझी बहीण राहते. तिच्या गल्लीतली बरीचशी घरं खानदेशातली आहेत. कुणी नंदुरबारकडचं, कुणी अमळनेर-पारोळ्याचं. कुणी कापड मार्केटात कामाला, कुणी लूमवर. ताप्ती लाईनच्या गाडीने ही माणसं इथे आली आणि त्यांच्या सकाळच्या चहाला खारी, नानकटाई आणि जिऱ्याची बिस्किटं येऊन मिळाली. गावाकडे पाहुणा आला की शेव-मुरमुरे निघायचे, इथे खारीचा डबा उघडतो.

आता घराजवळच्या रस्त्यावर एक नवी बेकरी उघडली आहे. काचेचं दार, थंडगार हवा, पिवळ्या दिव्यांखाली मांडलेले ट्रे, आणि रात्री दहापर्यंत तरुण मुलामुलींची गर्दी. गेल्या खेपेला आम्ही तिथून मोठा खोका भरून घरी आणला. खारी, पनीर पफ, क्रोसाँ, नानकटाई, लसूण-चीजचा बन आणि चॉकलेट पेस्ट्री. पुण्या-मुंबईत ज्याला पॅटिस म्हणतात त्याला सुरतेत पफ म्हणतात, हे नव्याने येणाऱ्याला सांगावं लागतं.

ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे भाचीच्या आजींनी, क्रोसाँ हातात घेऊन दाबला आणि म्हणाल्या, "हाई ते मझार पोकय शे!" आतून पोकळ आहे, ही त्यांची तक्रार रास्त होती. पैसे मोजलेल्या वस्तूत हवा निघाली की कुणालाही फसल्यासारखं वाटेल. भाचीने मात्र सगळ्या पदार्थांचे अर्धे-अर्धे तुकडे केले, ताटात ओळीने मांडले आणि विचारलं, "मामा, सगळं मैद्याचंच आहे ना? मग बन ताणला जातो, नानकटाईचा भुगा होतो आणि खारीचे पापुद्रे सुटतात, असं का?"

फार चांगला प्रश्न आहे. मैदा, तूप किंवा लोणी, साखर-मीठ आणि पाणी, एवढ्या चार-पाच जिनसांतून सहा वेगळे स्वभाव कसे निघतात? याचं उत्तर बेकरीच्या भट्टीत शोधायची गरज नाही. ते आजींच्या दिवाळीच्या परातीत आहे. एकच गोष्ट पाहायची: तूप कुठे बसलं? पिठात मुरलं, की पदरांच्या मधोमध वेगळं राहिलं, की जवळजवळ घातलंच नाही?

पिठाला ताण येतो कुठून?

आधी तूप बाजूला ठेवू आणि पीठ-पाणी पाहू. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती निपचित पडून असतात. पाणी मिळालं की फुगतात आणि एकमेकांना धरू लागतात. आपण कणीक तिंबतो तेव्हा ही पकड वाढत जाते आणि गोळ्याच्या आत एक रबरासारखं जाळं तयार होतं. त्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. यातल्या एका प्रथिनामुळे कणीक ओढल्यावर मागे आक्रसते, दुसऱ्यामुळे ती न तुटता लांबते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मैद्याचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मग नळाखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. शेवटी हातात उरतो एक करडा, चिकट, च्युइंगगमसारखा ताणला जाणारा लगदा. तेच ग्लुटेन. भाचीने हा प्रयोग त्याच संध्याकाळी केला आणि तो लगदा शेजारपाजारी दाखवून आली.

ज्वारी-बाजरीत असं जाळं होत नाही. म्हणून भाकरीचं पीठ लाटायला गेलं की फाटतं आणि ते थापावं लागतं. गरम पाण्याने स्टार्च थोडा चिकट होतो, त्या आधारावर भाकरी टिकते. याच्या अगदी उलट टोकाला आहेत खानदेशातले आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे. बाई पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरते आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकते. हातावर एवढी मोठी पोळी पुरणाच्या वजनासकट फाटत का नाही? कारण कणीक भरपूर पाण्यात तिंबलेली असते आणि तासन्‌तास मुरवलेली असते. तिंबल्याने जाळं घट्ट होतं, मुरल्याने ते सैलावतं. ताण आणि सैलपणा दोन्ही हवेत. जगातल्या कोणत्याही बेकरीत पिठाचं याहून अवघड काम होत असेल असं मला वाटत नाही.

बन ताणला जातो तो याच जाळ्यामुळे. पण नानकटाईत हे जाळं असून चालत नाही. मग ते होऊच कसं द्यायचं नाही?

मोहन: नानकटाईचा भुगा का होतो

करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो, पीठ दोन्ही तळव्यांत चोळतो आणि मग मूठ वळून पाहतो. मूठ वळली आणि तशीच राहिली की मोहन पुरेसं. ही परीक्षा प्रत्येक घरात ठाऊक असते. तिचा अर्थ असा की तुपाचा पातळ थर पिठाच्या कणाकणावर बसला आहे आणि त्या तुपानेच कण एकमेकांना धरून आहेत. आता पाणी घातलं तरी ते प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही. रेनकोट घातलेल्या माणसावर पाऊस पडावा तसं ते बाहेरच राहतं. जाळं तुटक-तुटक होतं, आणि चिवट पुरीऐवजी खुसखुशीत करंजी मिळते. मोहन कडकडीत घालायचं कारणही हेच. गरम तूप पातळ असतं, म्हणून थोडक्यात जास्त कणांपर्यंत पसरतं.

नानकटाईत हे मोहन टोकाला नेलेलं असतं. साधारण मैद्याच्या निम्म्या वजनाचं तूप, आणि पाणी जवळजवळ नाहीच. तुपात पाण्याचा अंश नगण्य असतो, तेव्हा प्रथिनांना भिजायला काही मिळतच नाही. त्यात बेसन किंवा रवा मिसळला तर ताण आणखी कमी. साखर स्वतःच पाणी ओढून घेते, तीही जाळ्याच्या आड येते. म्हणून नानकटाई दाताखाली येताच विरघळल्यासारखी विखुरते. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रुजबेरी बिस्किटंही याच कुळातली. तिथे तुपाच्या जागी लोणी असतं, एवढाच फरक.

नानकटाईच्या माथ्यावरच्या भेगांचं भाचीला फार नवल वाटलं. भट्टीत गोळा आधी बाहेरून सुकतो आणि घट्ट होतो. आत तूप वितळून गोळा पसरू पाहत असतो, सोड्याचा वायू फुगत असतो. वरचं कवच ताणलं जाऊ शकत नाही, कारण ताण देणारं जाळंच नाही. मग ते तडकतं. भेगा ही चूक नव्हे, मोहन बरोबर पडल्याची ती खूण आहे.

साटा: खारीचे शेकडो पदर

आता खारी, पफ आणि क्रोसाँ. या तिघांना समजून घ्यायचं तर चिरोटे आठवावे लागतील. दिवाळीत आपण मैद्याच्या पातळ पोळ्या लाटतो, तूप आणि तांदळाची पिठी फेटून साटा करतो, पोळीवर साटा फासतो, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग गुंडाळी करून तिचे तुकडे कापतो. तो तुकडा हलक्या हाताने लाटून मंद आचेवर तळला की पदर उमलतात. इथे तूप पिठात मुरवलेलं नाही. दोन पोळ्यांच्या मधे त्याला वेगळी खोली दिली आहे. साट्यातली पिठी तुपाला धरून ठेवते आणि एक पोळी दुसरीला चिकटू देत नाही.

मोहन आणि साटा या दोन शब्दांत मराठी स्वयंपाकघराने बेकरीशास्त्राचा गाभा सांगून ठेवला आहे. तूप पिठात मुरलं तर भुगा, मधे राहिलं तर पदर.

खारीवाला कारागीर हेच काम घडी घालून करतो. मैद्याच्या मऊ गोळ्याची चौकोनी पोळी लाटून तिच्यात लोण्याची किंवा मार्जरिनची सपाट वडी गुंडाळतात. म्हणजे पीठ, वडी, पीठ. चरबीचा एक थर. मग ती लाटून लांब करायची आणि साडीची घडी घालावी तशी तिची तीनपदरी घडी घालायची. आता चरबीचे तीन थर. थोडी विश्रांती देऊन पुन्हा लाटायचं, पुन्हा तीनपदरी घडी: नऊ थर. तिसऱ्या घडीला २७, चौथीला ८१, पाचवीला २४३ आणि सहावीला ७२९. फक्त सहा घड्यांत सातशेहून जास्त थर होतात, आणि शेवटी ते सगळे तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पोळीत मावलेले असतात. प्रत्येक थर माणसाच्या केसापेक्षा किती तरी पातळ. मधल्या विश्रांतीचं काम मांड्याच्या कणकेसारखंच. ताणलेलं जाळं सैलावू द्यायचं, नाहीतर पोळी लाटली की मागे आक्रसते आणि थर फाटतात.

पण नुसत्या थरांनी पफ फुगत नाही. तो फुगतो वाफेने. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा मागते. एका लहान चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर पाण्याची वाफ आठ लिटरच्या डब्यात मावत नाही. भट्टीत २०० अंशांच्या आसपास तापमान असतं. पिठातल्या पाण्याची वाफ होते, लोणी असेल तर त्यातल्याही पाण्याची होते, कारण लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. ही वाफ वर जाऊ पाहते आणि चरबीच्या थराखाली अडते. अडली की वरचा पिठाचा पापुद्रा उचलते. शेकडो पापुद्रे एकाच वेळी थोडे-थोडे उचलले गेले की ती पातळ पोळी तिप्पट-चौपट उंच होते. तेवढ्यात पापुद्रे भाजून कडक होतात आणि वाफ निघून गेली तरी खाली बसत नाहीत. टम्म फुगलेला फुलकाही वाफेनेच फुगतो. त्यात खोली एक, खारीत सातशे.

चिरोटे फुगून उंच का होत नाहीत, तेही यावरून कळतं. साट्याच्या तुपात पाणी नसतं, पोळ्या थोड्याशा, आणि आच मंद. पदर सुटतात, पण वाफेचा रेटा बेताचा असतो. दुसरं एक साम्य मला फार आवडतं. चिरोटा जोर देऊन लाटला की पदर दबून चिकटतात, तसंच बोथट सुरीने पफ कापला तर कडा चेपतात आणि त्या बाजूने तो उमलत नाही. चांगला कारागीर म्हणूनच धारदार पात्याने एका दाबात कापतो.

पफच्या सारणाचंही गणित आहे. पनीर किंवा बटाट्याची भाजी ओलसर असली तर तिची वाफ खालच्या पापुद्र्यांत शिरून त्यांना सुकू देत नाही. पफचा तळ चिवट लागला तर बहुधा सारण ओलं होतं किंवा गरम असतानाच भरलं होतं. आमच्या खोक्यातल्या पनीर पफचा तळ खरपूस होता, तेवढ्यावरून मी त्या बेकरीच्या कारागिराला मनातून दाद दिली. खारीत सारण नसतं. ती मंद आचेवर जास्त वेळ सुकवतात, म्हणून पार कोरडी आणि हलकी होते.

आता क्रोसाँ, म्हणजे आजींची तक्रार. क्रोसाँत घड्या असतात तसं यीस्टही असतं, म्हणजे तो खारी आणि पाव यांच्या मधला. घड्या सहसा तीनच, थर २७. जास्त का नाही? कारण इथे पिठाच्या प्रत्येक पदराला आतून वायूने फुगायचं असतं. पदर फार पातळ झाला तर बुडबुडे फुटतात, लोणी पिठात मुरतं आणि पदर एकमेकांत मिसळतात. नीट जमलेला क्रोसाँ मधोमध कापला की आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ढोकळ्याला जाळी पडली की आपण खूश होतो. क्रोसाँची पोकळीही तशीच पाहायला हवी. जाळी नसेल, आत नुसता पावासारखा गर असेल, तर लोणी थरांत न राहता पिठात विरघळलं असं समजावं. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुसरा अर्धा तुकडा उजेडात धरून जाळी पाहिली आणि चहात बुडवून खाल्ला.

क्रोसाँ फ्रान्सचा म्हणून प्रसिद्ध असला तरी त्याचा पूर्वज ऑस्ट्रियातला किप्फेर्ल हा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून ही चंद्रकोर पॅरिसकरांच्या तोंडी बसली. लोण्याच्या घड्या तिला पुढे फ्रान्समध्ये मिळाल्या.

सुरतेच्या उन्हाळ्यात लोण्याचे थर

इथे सुरतेची खरी अडचण येते. लोण्याचे थर टिकायला लोणी मऊ पण घट्ट हवं, साधारण १५ अंशांच्या आसपास. फार थंड असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात, फार गरम असेल तर ते पिठात शोषलं जातं. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि सुरतेच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. नव्या बेकरीतला गारवा गिऱ्हाइकाच्या सुखासाठी असेल, पण आतल्या लाटण्याच्या खोलीतला गारवा क्रोसाँसाठी अत्यावश्यक असतो. क्रोसाँचा भाव चढा का असतो, याचं मोठं कारण हेच.

जुन्या खारीवाल्यांकडे असा गारवा नव्हता. त्यांनी वनस्पती तूप आणि पुढे पफसाठीचं खास मार्जरिन वापरलं. ते जास्त तापमानालाही घट्ट राहतं, म्हणून भट्टीजवळच्या उकाड्यातही पदर सुटे राहतात. पण जे उकाड्यात वितळत नाही ते तोंडातही पूर्ण वितळत नाही. तोंडाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास. लोणी तिथे विरघळून जातं, पफ मार्जरिनचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो. ही ओळख घरबसल्या करता येते.

(चौकट)
ताटात घेऊन ओळखा

खारी: बोटांनी मोडा. "कर्र" आवाज होऊन पापुद्रे झडले तर ताजी. वाकली तर सादळलेली.

पफ: तळ पाहा. खरपूस तपकिरी हवा. पांढरट, तेलकट असेल तर आच कमी पडली.

क्रोसाँ: आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. कापल्यावर जाळी दिसायला हवी.

नानकटाई: माथ्यावर भेगा, आणि मोडल्यावर आतपर्यंत एकसारखी कोरडी.

बन: दाबून सोडा. हळूहळू पुन्हा वर आला तर जाळं शाबूत आणि पाव ताजा.

टाळूची परीक्षा: खाऊन झाल्यावर कोमट पाणी प्या. तरीही टाळूला मेणचटपणा राहिला तर ते लोणी नव्हतं.

ताडी, डच आणि सुरतेची भट्टी

लसूण-चीजच्या बनमध्ये चरबी थोडीच असते. तिथे कामाला येतात ते जिवंत जीव. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड व थोडं मद्य बाहेर टाकते. मद्य भट्टीत उडून जातं, वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो. फुगा फुगवताना रबर जे काम करतं तेच इथे ग्लुटेन करतं. आंबवणं हे सजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरने १८५७पासूनच्या आपल्या संशोधनातून दाखवून दिलं. मात्र माणसं त्याआधी हजारो वर्षं पाव आंबवत होती.

यीस्टची पाकिटं नव्हती तेव्हा आपल्या किनाऱ्यावर हे काम ताडी-माडीने केलं. झाडावरून उतरलेल्या गोड रसात निसर्गतःच यीस्ट शिरलेलं असतं. काही तासांत तो रस फसफसू लागतो. गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाची सूर घालून पाव फुगवला. पाव हा शब्दच पोर्तुगिजांच्या 'पांव'वरून आला आहे. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही जुनी समजूत निखालस खोटी.

सुरतेत ही कथा डचांपासून सुरू होते. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आली. १८२४चा इंग्रज-डच तह झाल्यावर डचांनी सुरत सोडली. त्यांच्या भट्टीवर काम करणाऱ्या पारशांपैकी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्या हाती ती भट्टी आली, असं दोतीवाला घराण्यात सांगतात. त्यांच्या बेकरीवर स्थापनेचं वर्ष १८६१ आहे आणि नानपुऱ्यात मक्काई पुलाजवळ ती आजही चालते. तेव्हा पाव ताडीने आंबवत असत. उरलेले पाव सुकत, पण नासत नसत. लोक ते कोरडे पाव आवडीने घेऊ लागले, तेव्हा मुद्दाम सुकवून विकायला सुरुवात झाली. सुरती बतासा त्यातून आला, अशी ती हकीकत आहे. आपल्याकडे बत्तासा म्हणजे साखरेचा. सुरतेतला बतासा खारा, जिरं घातलेला, हातात घेतला तर कापसासारखा हलका. नव्याने आलेल्या खानदेशी माणसाची इथे हमखास फसगत होते.

पाव सुकल्यावर नासत का नाही? बुरशीला आणि जिवाणूंना जगायला मोकळं पाणी लागतं. ते भट्टीत काढून टाकलं की त्यांची वाढ थांबते. आपले पापड, कुरडया, सांडगे याच न्यायाने वर्षभर टिकतात. टोस्ट, बतासा, खारी हे सगळे बेकरीतले सांडगेच म्हणायला हवेत.

पेस्ट्रीची हवा

चॉकलेट पेस्ट्रीत यीस्टही नसतं आणि पदरही नसतात. तिथे वायू सोड्यातून येतो. खाण्याच्या सोड्याला दही, ताक किंवा लिंबासारखं आंबट मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेकिंग पावडरमध्ये आंबट आधीच कोरडं मिसळलेलं असतं. अंड्याचा केक असेल तर फेटलेल्या अंड्यात हवा अडकते आणि तापल्यावर अंडं घट्ट होऊन ती हवा धरून ठेवतं. बिनअंड्याच्या केकमध्ये ही जबाबदारी मैद्याच्या स्टार्चवर आणि दुधातल्या प्रथिनांवर पडते. म्हणून तो जरा जड आणि ठिसूळ लागतो. मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटायचं नसतं, नाहीतर ग्लुटेन जागं होतं आणि केक वातड होतो.

वरचं क्रीम खाऊनही बरंच कळतं. दुधाचं खरं क्रीम थंड ठेवावं लागतं आणि उन्हात लगेच पाझरतं. रस्त्यावर तासभर ताठ उभं राहणारं क्रीम बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं.

सोनेरी रंग आणि तो वास

बेकरीच्या दारात शिरताच जो वास येतो, त्यामागे एक रासायनिक क्रिया आहे. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२मध्ये तिचं वर्णन केलं. तापमान साधारण १४० अंशांच्या वर गेलं की पिठातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवी वासाची व रंगाची द्रव्यं तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, खापरावरच्या मांड्याचे तपकिरी ठिपके, सगळ्यांचा वास याच घराण्यातला. पावाचं कवच तपकिरी होतं पण आतला गर पांढरा राहतो, कारण जोवर पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांपुढे जात नाही. पफवर दुधाचा हात फिरवतात तो प्रथिनं आणि साखर वाढवून रंग आणण्यासाठी.

सादळलेली खारी, शिळा पाव

दुसऱ्या दिवशी ताईने उरलेले पदार्थ काढले. खारी मऊ पडली होती, बन कडक झाला होता. एकाच डब्यात ठेवलेल्या दोन वस्तू उलट दिशांना कशा गेल्या?

खारी सादळते म्हणजे हवेतलं पाणी शोषते. सुरत समुद्राजवळची आणि तापीकाठची, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. त्यातून खारीशेजारी ओलसर बन ठेवला तर त्याचंही पाणी खारी ओढून घेते. उपाय सोपा: खारी वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सादळलीच तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न घालता पाच मिनिटं ठेवा. पाणी निघून जातं, खारी पुन्हा कर्र वाजते. पफ आणि क्रोसाँही असेच तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये आतल्या पाण्याची वाफ पापुद्र्यांत शिरते आणि ते चिवट होतात.

पावाचं गणित वेगळं. पाव कडक होतो तो फक्त सुकल्यामुळे नव्हे. भाजताना पाणी पिऊन फुगलेले स्टार्चचे कण थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा दाटीवाटीने रांगेत बसू लागतात आणि गर कडक होतो. शिळा भात फडफडीत होतो तसंच. गंमत अशी की ही क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते. म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवला की लवकर शिळा लागतो. एक-दोन दिवसांचा पाव बाहेरच झाकून ठेवा. जास्त दिवस ठेवायचा तर थेट फ्रीझरमध्ये, कारण तिथे पाणी गोठतं आणि ही क्रिया जवळजवळ थांबते. शिळ्या पावावर पाण्याचा हबका मारून तो गरम केला की स्टार्चच्या रांगा मोडतात आणि पाव थोडा वेळ पुन्हा मऊ होतो. तो लगेच खाऊन टाकायला हवा.

एक गोष्ट मात्र डब्याने किंवा तव्याने सुटत नाही. ती दुकानातच पाहावी लागते. वनस्पती तूप करताना तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करतात, आणि ते अर्धवट झालं तर ट्रान्स फॅट तयार होतं. ते हृदयाला घातक आहे याविषयी वैद्यकात दुमत नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यतेलं आणि चरबीतलं त्याचं प्रमाण जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांवर आणलं आहे. पाकिटातल्या खारीवर घटक छापलेले असतात, ट्रेमधल्या खारीवर नसतात. तेव्हा ट्रेमधून घेताना काउंटरवर नक्की विचारा: हे लोण्यात केलं आहे, वनस्पतीत की मार्जरिनमध्ये? गोडादऱ्याच्या त्या बेकरीत आम्ही विचारलं. क्रोसाँ लोण्याचा, खारी मार्जरिनची, असं मुलाने सरळ सांगितलं आणि मागितल्यावर मार्जरिनचं खोकं आणून त्यावरचे घटकही दाखवले.